ऐकले ते परत म्हणा

विमान चालवण्याचा छंद आहे असे मी सांगितले, की ऐकणारा आधी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहतो. त्याचे काही चुकत नाही. आई निपाणीत विड्या वळते, मी इथे वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि खऱ्या विमानाच्या शिडीवर आजवर पाय ठेवलेला नाही. सांबऱ्याहून उडालेले विमान वसतिगृहाच्या गच्चीवरून दिसते, एवढाच आमचा प्रत्यक्ष संबंध. तरीही २०२० च्या टाळेबंदीपासून आजपर्यंत मी शेकडो तास विमान चालवले आहे, आणि तेही एकट्याने नव्हे, चारचौघांत. अर्थात कॉम्प्युटरवर.

"म्हणजे गेम!" असे म्हणून पुष्कळजण सुटकेचा श्वास टाकतात. गेमच; पण या गेममध्ये शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. विमान घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे आणि धड उतरायचे. एस.टी.च्या ड्रायव्हरने रजेच्या दिवशी हौस म्हणून निपाणी-चिकोडी फेरी मारावी, तसला हा प्रकार. या वेडाचा मूळपुरुष एडविन लिंक नावाचा अमेरिकन. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ साली त्याने ऑर्गनचेच भाते जोडून एक लाकडी खोके तयार केले. आत बसून दांडा हलवला की खोके विमानासारखे कलायचे. दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक आधी या खोक्यात शिकले. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता पाहिला की मला हटकून हे आठवते. पुढे कॉम्प्युटर आला, १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आला. मी वापरतो तो 'फ्लाइटगिअर' नावाचा. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला, आणि मुख्य म्हणजे फुकट.

एकट्याने उडण्याचा मात्र महिन्या-दोन महिन्यांत कंटाळा येतो. रिकाम्या आकाशात विमान चालवणे म्हणजे रिकाम्या घरात पाहुणे म्हणून जाण्यासारखे. म्हणून 'व्हॅटसिम'. हे २००१ साली सुरू झालेले एक जाळे आहे. जगभरचे लोक आपापल्या घरातून त्यात येतात. काही विमान चालवतात, काही जमिनीवरचे नियंत्रक होतात. नियंत्रकाला त्यासाठी शिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते. पगार कुणालाच नाही. बाहेर मुंबईत खरा पाऊस पडत असेल तर आमच्या मुंबईतही पडतो, कारण हवामान खऱ्या विमानतळांच्या बातमीपत्रातून घेतलेले असते. घड्याळ मात्र ग्रीनिचचे. आपल्या रात्रीच्या साडेदहाला तिथे पाचच वाजलेले असतात, त्यामुळे अभ्यास सोडून जागतो आहोत याचे वाईट वाटत नाही.

इथे पहिल्या दिवशी जे कळते ते विमानाविषयी नसते, ते बोलण्याविषयी असते. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे. दोघांनी एकदम बटण दाबले की साऱ्यांच्या कानात कर्कश किंचाळी उठते आणि दोघांचेही म्हणणे वाया जाते. तेव्हा आधी ऐकायचे, मग बोलायचे, तेही ठरलेल्या शब्दांत. इंग्रजी तीनचा उच्चार 'ट्री', नवाचा 'नाइनर'. ए म्हणजे 'अल्फा', बी म्हणजे 'ब्राव्हो'. आणि नियंत्रकाने जे सांगितले त्यातला महत्त्वाचा भाग वैमानिकाने परत म्हणून दाखवायचा. 'समजले' म्हणून भागत नाही. काय समजले ते म्हणा. नियंत्रक ते ऐकतो, चूक असेल तर दुरुस्त करतो, मगच पुढच्या विमानाकडे वळतो.

हा नियम पोपटपंचीचा वाटतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आभाळात काय झाले ते वाचेपर्यंत मलाही त्याचे वजन कळले नव्हते. दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांवर होते, दिल्लीला येणाऱ्या कझाक विमानाने १५,००० फुटांवर थांबायचे होते. ते त्याखाली आले. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसे गेली. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजीही होते. आकडा कानावर पडला होता. तो सर्वांच्या डोक्यात उतरला होता का, एवढाच प्रश्न.

आता आमच्या भागातल्या आकाशाविषयी. सांबऱ्याचा तळ १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी बांधलेला. आज तिथली धावपट्टी २,३०० मीटरची आहे. तिच्या पश्चिमेकडे तोंड करणाऱ्या दिशेला २६ हा आकडा आहे, म्हणजे होकायंत्रावर साधारण २६० अंश. तिथून उडून कोल्हापूरची वाट धरली तर लहान सेस्ना विमानाला अर्धा तास लागतो. गंमत अशी, की ही सरळ रेषा बरोबर आमच्या निपाणीवरून जाते. उजव्या हाताला हिडकलचे पाणी राहते, संकेश्वर मागे पडते, तवंदी घाट ओलांडला की निपाणी, मग वेदगंगा, दूधगंगा, कागल. दिवाळीच्या सुट्टीत मी हे आईला दाखवले. सूप मांडीवर, हातातले पान न थांबवता ती पडद्याकडे पाहत होती. फुकटच्या नकाशात निपाणी म्हणजे हमरस्त्याला चिकटलेला एक करडा डाग. ना वखारी, ना आमची गल्ली. "आणि आपलं घर?" तिने विचारले. मी डागावर बोट ठेवले. "बरं," ती म्हणाली, "पन खाली उतरू नगंस, रस्त्यावर गाड्या असत्यात."

आकाशाला सीमा नसते असे आमच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कुणीतरी टाळ्या घेऊन सांगते. हे खरे नाही. आकाश चांगले कापून वाटलेले आहे. भारताचे मुख्य चार वाटे: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. विमानतळांच्या चार अक्षरी खुणाही त्याच हिशेबाने, पश्चिमेकडच्या 'व्हीए'ने सुरू होतात, दक्षिणेकडच्या 'व्हीओ'ने. सांबऱ्याची खूण जुन्या याद्यांत 'व्हीएबीएम' अशी सापडते, आताची 'व्हीओबीएम' आहे. वाचकांपैकी जे हसले ते याच भागातले असणार. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरचे अक्षर बदलले तरी गाव जागे होते, आणि इथे आख्खा विमानतळ एका अक्षराने पश्चिमेतून दक्षिणेत गेला!

पण त्या वरच्या सीमेवरचा रिवाज मला फार आवडतो. विमान हद्दीजवळ आले की अलीकडचा नियंत्रक पलीकडच्याला आधीच कळवतो, अमुक विमान अमुक उंचीवर तुमच्याकडे येत आहे. मग वैमानिकाला नवी लहर सांगतो, निरोप घेतो. वैमानिक नव्या लहरीवर जाऊन आपले नाव आणि उंची सांगतो. पलीकडून उत्तर आलेच नाही तर पहिल्याकडे परत यायचे. तो ओळख विसरत नाही. मध्येच कुणाचाच नाही अशा अवस्थेत विमानाला सोडत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला आणि महाराष्ट्राच्या बसगाड्या इकडे यायच्या बंद झाल्या, तेव्हा मी निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरच्या बसची वाट पाहत दोन तास बसलो होतो. पुढे काय करावे हे सांगणारे त्या वेळी अलीकडेही कुणी नव्हते आणि पलीकडेही.

माझा खोलीमित्र गोकाकचा. घरी कन्नड, माझ्याशी बेळगावी मराठी, रागावला की दोन्ही. छंद मी त्याला लावला, आणि तो माझ्या पुढे जाऊन नियंत्रकाचे शिक्षण घेऊ लागला. गेल्या १ नोव्हेंबरला संध्याकाळी तो चन्नम्मा चौकातल्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीतून परतला, गळ्यात लाल-पिवळा पंचा. मी गावाच्या दुसऱ्या टोकाहून आलो, दंडावर काळी फीत. त्या विषयावर आमचे दरवर्षी भांडण होते. दोघांचीही उत्तरे समोरच्याचे वाक्य संपायच्या आत तयार असतात. त्या संध्याकाळी बोललोच नाही. जेवून आपापल्या कॉटवर बसलो, हेडफोन लावले. तो मुंबईचा 'ग्राउंड' होता, मी तिथून निघणारे एक लहानसे विमान. मी मार्ग मागितला. त्याने सांगितला, पण फार भरभर. मी म्हटले, "से अगेन." रोजच्यासारखा तो कॉटवरून "मत्तोम्मे हेळो" अशी माझी नक्कल करील असे वाटले होते. त्याने तसे काही केले नाही. तेच शब्द संथपणे, एकेक अक्षर सुटे करून पुन्हा म्हटले. सहा फुटांवरचा आवाज आधी कानांनी ऐकू यायचा आणि अर्ध्या क्षणाने, परदेशातून फिरून, हेडफोनमधून. मी सगळे परत म्हणून दाखवले. "बरोबर," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचे म्हणणे मी शेवटपर्यंत ऐकले, असे त्या दिवशी एवढे एकदाच घडले. भांडण मिटले का? नाही. पुढच्या नोव्हेंबरला ते आहेच.

वैमानिकाचा परवाना मिळवायला लागणारा पैसा आमच्या गल्लीने मिळूनही पाहिलेला नाही, त्यामुळे ते स्वप्न मी खेळापुरतेच ठेवले होते. जमिनीवरच्या खुर्चीचा विचार या मित्रामुळे सुरू झाला. भारतीय विमानपत्तन प्राधिकरण खऱ्या नियंत्रकांची भरती करते. त्याला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला बी.एस्सी. चालतो, आणि आम्ही दोघेही तेच घेऊन बसलो आहोत. लेखी परीक्षा पुष्कळजण देतील. तिच्यापुढे आवाजाची चाचणी असते, तिची आम्हाला खरी धास्ती. म्हणून रोज रात्री दिवे मालवल्यावर आमच्या खोलीतून आकडे ऐकू येतात. तो म्हणतो, मी परत म्हणतो. मी म्हणतो, तो परत म्हणतो. शेजारच्या खोलीतल्यांनी वॉर्डनकडे तक्रार केलेली आहे. त्याचा अनुभव त्याने या अंकाच्या कन्नड विभागात लिहावा असे मी सुचवले होते; अंक उलटून पाहा, लिहिला असेल तर असेल.

सुट्टीत घरीही माझा हा सराव चालू होता. "कुनाशी बोलाय लागलाईस रं एवढ्या रातीचं?" आईने आतून विचारले. मी परीक्षेचे सांगितले, आवाजाच्या चाचणीचेही. ती थोडा वेळ गप्प होती.

"त्या परीक्षेला मराठी चालतंय का?"

"नाही."

"कानडी?"

"तेही नाही."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि दिवा मालवला.