सरकून बसा

दिवाळी आटोपल्यावरच्या रविवारी भाचा आपला जुना लॅपटॉप बगलेत मारून आमच्याकडे, नागपूरच्या रामदासपेठेत आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला होता, आणि विंडोज ११ ने या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवलं होतं. "मामा, तुमचं ते लिनक्स टाकून द्या ना याच्यात," तो म्हणाला. 'तुमचं ते' ऐकून मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट होतंच. चहा पिऊन कप विसळून होईस्तोवर काम उरकलं. कुठे काही अडलं नाही, कुणाला फोन करावा लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मी जरासा हिरमुसलोच.

मग त्याने सिस्टम मॉनिटर उघडला आणि तोंड वाकडं केलं. "अजून तं काहीच नाही उघडलं आपण, न हे १.१ जीबी खाऊन बसलं!"

मला हसू आलं. हेच वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी याच पेठेत म्हटलं होतं. फक्त तेव्हा आकडा जीबीत नव्हता.

२००३ साली आमच्या असेंबल्ड संगणकात ६४ एमबी रॅम होती. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळायचे. मशीन आपली स्मृती स्वतःच मोजून घ्यायचं आणि ६५५३६ वर आलं की थांबायचं. दुकान बंद करताना वाण्याने गल्ला मोजावा तशी ती मोजणी, आणि आम्ही ती रोज उभ्याने पाहायचो. एखाद्या दिवशी आकडे न येता नुसतेच लांब बीप वाजले तर कुणी घाबरत नसे. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घासायचा, फुंकर मारायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून 'कट्' आवाज येईपर्यंत बसवायची. नागपूरच्या धुळीत हा विधी महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेला. म्हणून कॅबिनेटचं झाकण आम्ही लावतच नव्हतो. मे महिन्यात त्या उघड्या कुशीला टेबलफॅन लागायचा. कुलर माणसांना, पंखा 'सीपीयू'ला.

आताची रॅम डोळ्यांना दिसतही नाही. कित्येक लॅपटॉपांत ती बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. काढता येत नाही, घासता येत नाही, उसनी देता येत नाही. बिघडतही नाही बहुधा, हे कबूल करायला हवं. खोडरबराने दातांवरचा थर निघायचा हे खरं, पण त्या घासण्यात विज्ञान चार आणे आणि श्रद्धा बारा आणे होती.

उसनी देण्याचं मात्र गांभीर्याने सांगतो. रेड हॅट लिनक्स ९ मार्च २००३ मध्ये आलं. इन्स्टॉलच्या तीन सीडी, मित्राच्या मित्राकडच्या रायटरवर कॉपी केलेल्या, वर मार्करने गिचमिड अक्षर. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं: अक्षरी पडद्यापुरतं ६४ एमबीत भागेल, चित्रमय डेस्कटॉप हवा तर कमीत कमी १२८, आणि सुखाने हवा तर १९२. आमच्याकडे पहिल्या पायरीपुरतं होतं. बर्डीच्या बाजारात जाऊन नवी पट्टी आणायची तर वडिलांकडे विषय काढावा लागणार, आणि विषय काढला की बारावीची गुणपत्रिका निघणार. धरमपेठेतल्या मित्राच्या मशीनमध्ये ६४ च्या दोन पट्ट्या होत्या. त्याने एक काढून वर्तमानपत्राच्या पुरवणीत गुंडाळून दिली. शर्टाच्या खिशात ती घालून मी सायकलवर रामदासपेठेत आलो, एक हात हँडलवर आणि एक छातीवर. स्थिर विद्युत वगैरे शब्द आम्हाला पुढे कळले. "सोमवारी परत," मी म्हणालो होतो.

मग डिस्कचे भाग पाडणारा डिस्क ड्रुइड. कोवळ्या वयात इतकी भीती आम्हाला कुठल्या खऱ्या भुताची वाटली नाही. एक रकाना चुकला की विंडोजसकट वडिलांनी शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली सगळी पत्रं गेली समजा. त्यात पुन्हा स्वॅपचा, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेचा, नियम: जेवढी रॅम त्याच्या दुप्पट स्वॅप. असं का, ते कुणी सांगत नसे. गोत्र विचारल्यासारखं, पाठ असलं की झालं. आता इन्स्टॉल करताना लिनक्स स्वॅपचं विचारतही नाही. स्वतःच एक फाइल बनवतं आणि गप्प बसतं. उबुंटूने हे २०१७ पासून सुरू केलं, फेडोराने २०२० मध्ये त्याच्याही पुढे जाऊन डिस्कवरची स्वॅप सोडली आणि रॅममध्येच माल दाबून बसवायला सुरुवात केली. जिवाला घोर नाही. पण पत्रं वाचली म्हणून देवापुढे साखर ठेवण्याचा आनंदही नाही.

लिनक्स सुरू होताना पडद्यावर एकेक ओळ उमटायची आणि उजव्या कडेला हिरव्या अक्षरांत 'ओके' यायचं. 'सेंडमेल'च्या ओळीवर सगळं थिजायचं. घरात टपाल पाठवायला नेट नाही, तरी हे टपालखातं आपलं नाव-गाव शोधत मिनिटभर बसून राहायचं. मग कुणीतरी शिकवलं की अशा नको त्या सेवा बंद करता येतात. त्या बंद करण्यात आमच्या कित्येक रात्री गेल्या. सेंडमेल बंद, प्रिंटरची सेवा बंद (प्रिंटर होता कुठे?). प्रत्येक बंद सेवेमागे एखाद-दोन एमबी वाचायची आणि आम्ही ती वहीत लिहायचो. केडीईचा डेस्कटॉप जड वाटला म्हणून आइसडब्ल्यूएम लावलं. ते इतकं हलकं आणि इतकं कुरूप होतं की आई म्हणाली, "बिघडला का रे?"

भाच्याच्या लॅपटॉपवर किती सेवा चालू आहेत ते मी सहज पाहिलं. ब्लूटूथची, प्रिंटरची, अपडेट तपासणारी, फाइलींची नावं गोळा करणारी. एकही बंद केली नाही. ३.७ जीबीत (पट्टीवर ४ लिहिलंय, उरलेला हप्ता ग्राफिक्स आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आधीच कापून घेतात) दहा-वीस एमबी वाचवून करायचं काय? आमच्या अख्ख्या जवानीत वाचवलेल्या एमबी आज ब्राउझरचा एक टॅब एका घासात गिळतो. आणि तो गिळतो म्हणून त्यात मराठी नीट दिसतं, व्हिडिओ चालतो, आजीला पुण्याहून नातू दिसतो. आइसडब्ल्यूएममध्ये आम्ही काय पाहायचो? मुख्यत्वे किती रॅम उरली ते पाहायचो.

ते पाहायची कमांड 'फ्री'. त्या रात्री उसन्या पट्टीसकट १२८ झालेल्या मशीनवर मी ती पहिल्यांदा चालवली. वापरलेली जवळपास सगळी, मोकळी जेमतेम चार एमबी. म्हणजे दुप्पट करूनही हातात भोपळा! खाली आणखी एक ओळ होती, उणे-अधिकची खूण आणि पुढे 'बफर्स, कॅश' असं काहीतरी. ती आम्ही कुणी वाचलीच नाही. कॅश म्हणजे रोकड, ती आपल्याकडे नसते, एवढीच समजूत.

खरी गोष्ट त्या ओळीत होती. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल ते उरलेल्या जागेत ठेवून देतं, पुन्हा लागली तर डिस्कवर हेलपाटा नको म्हणून. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की त्या फाइली मुकाट्याने बाजूला होतात. म्हणजे जागा भरलेली असते, पण अडलेली नसते. आमची सगळी पिढी ही भरलेली जागा पाहून घाबरली. पुढे तर कॅश रिकामी करायची कमांड सापडली आणि काही शूर मंडळींनी ती दर तासाला आपोआप चालेल अशी लावून ठेवली. मशीन आणखी संथ झालं, पण 'मोकळी' या रकान्यात आकडा कसा भरगच्च! शेवटी २०१४ मध्ये कर्नलने स्वतःच एक नवा हिशेब द्यायला सुरुवात केली आणि 'फ्री'मध्ये त्या न वाचल्या जाणाऱ्या ओळीच्या जागी एक रकाना आला: 'अव्हेलेबल'. मोकळी वेगळी, मिळण्याजोगी वेगळी.

भाच्याला मी तेच दाखवलं. तोपर्यंत अपडेट उतरले होते, त्याने फोटोंचं एक मोठं फोल्डर आत घेतलं होतं, आणि मोकळी रॅम ४२० एमबीवर आली होती. "पहा, संपतच आली," तो म्हणाला. मी त्याचं बोट धरून शेवटच्या रकान्यावर नेलं. २.६ जीबी. "हे कसं काय? आहे का नाही मंग जागा?"

आता हे त्याला कसं सांगावं? तो ज्या फ्लॅटमध्ये वाढला, तिथे पाहुण्यांची खोली वेगळी आहे. वर्षातले तीनशे दिवस ती बंद असते आणि चादर कोरी असते. मी वाढलो ते याच पेठेत, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत, भाड्याने. रामदासपेठ-धंतोली म्हणजे दवाखान्यांचं गाव, तेव्हाही आणि आताही. यवतमाळ, गोंदिया, वरोरा, जिथून कुठून नातलगांपैकी कुणाला 'मोठ्या डॉक्टरला दाखवायचं' असे, तो आधी आमच्याकडे उतरे. दोन खोल्या, आम्ही पाच, आणि वरून कोण कोण. जागा आहे का, असं कुणी विचारलं नाही आणि जागा नाही असं आई कधी म्हणाली नाही. ती एकच म्हणायची: "सरकून बसा." रात्री बैठकीत गाद्या पडायच्या, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात रचल्या जायच्या. उन्हाळ्यात निम्मं घर गच्चीवर. रोज न लागणारं सामान माळ्यावर, आणि ते खाली काढायचं म्हणजे स्टूल, धूळ, शिंका आणि अर्धा तास. स्वॅप म्हणजे हा माळाच. त्या घरात मोकळी जागा एक फूटही नव्हती. मिळण्याजोगी मात्र कायम होती.

मी हे रंगात येऊन सांगत होतो आणि माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, दारात उभी राहून ऐकत होती. ती फार कमी बोलते. म्हणाली, "सरकत कोण होतं, ते पण सांग ना त्याला."

खरं आहे. मी संगणकाच्या टेबलाशी बसायचो, आणि ते टेबल कधी हललं नाही. सरकायची ती. तिने दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून केला. पाहुणे आठवडाभर राहिले की तिची पुस्तकं माळ्यावर जायची आणि तिला हवं ते पुस्तक खाली येईपर्यंत गणिताचा मूड गेलेला असायचा. आई पहाटे चारला उठून कुणाच्या डब्याची, कुणाच्या पथ्याची तयारी करायची, रात्री सगळ्यात शेवटी आडवी व्हायची, तीही दाराशी. मेमरी खरोखरच संपली तर लिनक्सचा कर्नल सगळ्यात जास्त खाणाऱ्याला निवडून बाहेर काढतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त खाणारे काका सगळ्यात जास्त दिवस राहत. कर्नलला एवढा अधिकार आहे. आमच्या आईला तो कुणी दिला नव्हता.

आता तो बंगला नाही. तिथे सहा मजले आहेत आणि तळमजल्यावर दवाखाना. बाहेरगावचे नातलग अजूनही डॉक्टरला दाखवायला येतात, पण लॉजवर उतरतात आणि दाखवून झाल्यावर फोन करतात: "तुम्हाला कशाला त्रास!" त्यांनाही बरं पडतं, आम्हालाही. बहिणीने तिच्या मुलीला वेगळी खोली, वेगळं टेबल दिलंय, आणि ती खोली कुणासाठीही सरकत नाही. योग्य केलं. मला त्या दोन खोल्या परत नको आहेत. रात्री दोनला उंबऱ्यापासून मोरीपर्यंत पाय कुठे ठेवावा हे शोधत जाणं नको आहे. तरी पाहुण्यांच्या बंद खोलीवरून जाताना मला 'फ्री'चा तो पहिला रकाना आठवतो. भरगच्च आकडा, उपयोग काही नाही.

डिस्कचा आवाजही गेला तो गेलाच. रॅम संपून स्वॅप सुरू झाली की जुनी हार्डडिस्क खर्र-खर्र करायची आणि शेजारच्या खोलीतून वडील विचारायचे, "काय दळून राहिला रे?" पडदा न पाहता कळायचं की मशीन माळ्यावर चढतंय. आता एसएसडी सगळं मुक्याने करते. मशीन दमलंय हे सिस्टम मॉनिटरमधल्या रेघेवरूनच ओळखायचं.

रॅम महाग झाल्याची तक्रार मात्र परत आली आहे. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये तैवानात भूकंप झाला आणि रॅमचे भाव चढले. आता भूकंप नाही, पण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं जगभरची मेमरी ओढून घेताहेत, आणि २०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. भाच्याला आणखी ४ जीबी टाकायची होती. भाव ऐकून तो म्हणाला, "राहू द्या मामा, अव्हेलेबल हाये ना अडीच."

त्याचा लॅपटॉप झाला. मी माझा ड्रॉवर आवरला. आत, पिवळ्या पडलेल्या पुरवणीत, ६४ एमबीची ती पट्टी निघाली. तो सोमवार काही आला नाही. धरमपेठेतल्या मित्रा, हे वाचत असशील तर येऊन घेऊन जा. खोडरबर घासून ठेवली आहे.