क्षयाला दाद न देणाऱ्या गाईस

बाई,

पत्राच्या वर 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिणार होतो. पण नमस्कार तुझ्या जातीला आमच्याकडे उदंड मिळतो, तपासणी मिळत नाही. तेव्हा नमस्कार राहू दे, कामाचं बोलू.

तुझं नाव मला ठाऊक नाही. तुला शोधणाऱ्यांनाही नाही. तू आहेस हे मात्र पक्कं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन नाहीतर सॉमरसेटच्या एखाद्या गोठ्यात उभी असशील, काळी-पांढरी होल्स्टीन. शेजारची क्षयाने गेली, पलीकडची गेली. त्यांच्याच गव्हाणीत तू तोंड घातलंस, अख्खा हिवाळा त्यांचा श्वास घेतलास, आणि तरी तुझ्या फुप्फुसात एक गाठ नाही. हे कसं, ते विचारायला लोक तुझ्या मागावर आहेत.

तपासणीची तुला सवय असेल. गुरांचा डॉक्टर येतो, मानेवर एकाखाली एक अशा दोन जागा भादरतो, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजतो. वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून केलेलं ट्युबरक्युलिन टोचतो, खालच्या जागी गाईच्या क्षयजंतूंपासून केलेलं. बहात्तर तासांनी परत येऊन त्याच घड्या पुन्हा मोजतो. खालची सूज वरच्या सुजेपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त भरली, की ती गाय 'रिअॅक्टर'. तिला लगेच वेगळी बांधतात, आणि काही दिवसांत न्यायला गाडी येते. वरचं टोचणं कशासाठी, तर माती-पाण्यातल्या निरुपद्रवी भाऊबंद जंतूंमुळेही कातडी फुगते, तेवढी वजा करायला. सगळा निकाल चार मिलिमीटरवर. ते चार मिलिमीटर मोजताना आपली लाडकी गाय दावणीला धरून उभा असलेला शेतकरी कुठे बघत असेल, ते सांगायला नको.

पण ही चाचणी आजारी गाय शोधते, तुला नाही. तुझी मान सपाट राहिली म्हणजे तू दणकट आहेस, असं कुठे ठरतं? कदाचित जंतू तुझ्यापर्यंत पोचलाच नसेल. कदाचित चाचणीच चुकली असेल. लागण झालेल्या पाच जनावरांतलं एखादं तिच्या हातून सुटतंच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्या गाईचा क्षय अगदी शेवटाला पोचलाय तिचं शरीर कधीकधी टोचण्याला जुमानतच नाही. म्हणजे कळपातली सर्वांत निरोगी गाय आणि सर्वांत आजारी गाय कॅलिपरला सारख्याच दिसतात. नापासांची यादी लावून त्यावरून हुशार मुलगी ओळखायची, तसला प्रकार.

मग तुला ओळखलं कसं? तुझ्या मेलेल्या नातलगांवरून. एडिंबरा विद्यापीठाच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमधल्या, म्हणजे १९९६ साली डॉली मेंढी जिथे जन्मली तिथल्या, आणि स्कॉटलंडच्या कृषी महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी तुला सोडून दिलं आणि तुझे बाप मोजायला घेतले. सरकारकडे प्रत्येक तपासणीची नोंद होती. कत्तलखान्यात फुप्फुसं आणि लसिकाग्रंथी चिरून पाहिल्या, गाठी सापडल्या की नाही, याचीही होती. कुठली गाय कुठल्या वळूची लेक, हे वंशावळीच्या वहीत होतंच. तीन चोपड्या एकमेकींशेजारी मांडल्या तेव्हा दिसलं, की एकाच बाधित कळपात काही वळूंच्या मुली जास्त पडतात आणि काहींच्या कमी. एकट्या गाईबद्दल काही म्हणता येत नाही. शेकडो बहिणींबद्दल येतं.

साडेसहा लाखांहून जास्त होल्स्टीन गाईंच्या नोंदींतून जानेवारी २०१६ मध्ये 'टीबी अॅडव्हांटेज' नावाचा निर्देशांक ब्रिटनच्या दुग्धशेतकऱ्यांच्या हाती आला. आकडे साधे आहेत, साधारण उणे तीन ते अधिक तीन. वळूला एक गुण जास्त, म्हणजे क्षय शिरलेल्या कळपात त्याच्या मुलींतल्या शेकडा एक कमी बाधित होतील. आयर्लंडनेही पुढे आपल्या वळूंना क्षयाचे गुण द्यायला सुरुवात केली.

शेकडा एक ऐकून तुला हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. क्षयाच्या बाबतीत गाई-गाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के रक्तातून येतो. बाकीचा गोठा, गर्दी, शेजार, नशीब. दुधाचा वारसा याच्या कितीतरी पट घट्ट. पण वारसा पिढ्यांमागे पिढ्या साठत जातो, आणि एका वळूच्या वीर्याच्या कांड्या हजारो गाईंना भरल्या जातात. शिवाय तुझ्या या गुणासाठी दुधात मोठा फटका बसतो, असंही आढळलं नाही. शेतकरी आधी तेच विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

गंमत अशी, की ज्या लसीचा व्रण माझ्या दंडावर आहे, ती तुमच्याच घरची. नोकार नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने कासेला क्षय झालेल्या एका गाईच्या दुधातून जंतू वेगळा केला. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून तो बटाट्याच्या फोडीवर पित्त आणि ग्लिसरीन घालून पुन्हा पुन्हा वाढवला. तेरा वर्षं, २३० वेळा. १९२१ मध्ये बीसीजी माणसाच्या बाळाला मिळाली. तुमच्या वासरांना मात्र ब्रिटनमध्ये ती देत नाहीत, कारण लस घेतलेल्या वासराची मानही फुगते, आणि मग आजारी कोण आणि टोचलेलं कोण, कळेनासं होतं. चीनमध्ये यांगलिंगच्या विद्यापीठात वेगळी वाट धरली: २०१७ मध्ये जनुक-कात्री चालवून एनआरएएमपी-१ हे प्रतिकाराचं जनुक जादा बसवलेली वासरं जन्माला घातली. हुशारीचं काम आहे. पण तू कुणी कात्री न लावताच गोठ्यात उभी आहेस, म्हणून मला तुझ्यात जास्त रस.

आता आमच्याकडचं. इथे वशिंडवाल्या देशी गाईला क्षय होतच नाही, असं छातीठोक सांगणारे गावोगाव भेटतात. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी ही नावं घेताना त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. इथिओपियात गोबेना अमेनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलखातल्या गाई तपासल्या. २००७ साली त्यांनी मांडलं, की होल्स्टीनमध्ये लागण सुमारे २२ टक्के आणि वशिंडवाल्या झेबूत सुमारे १२. होल्स्टीनच्या शरीरातल्या गाठीही जास्त वाईट. निम्मी लागण म्हणजे मोठी गोष्ट. पण १२ म्हणजे शून्य नव्हे. आणि त्याच अभ्यासात हेही होतं, की चरायला सोडलेल्या गाईपेक्षा गोठ्यात कोंडलेलीचं दुखणं बळावतं. देशी गाय मोकळी चरते आणि एचएफ, म्हणजे होल्स्टीन-फ्रिजियन, दावणीला बांधलेली असते, तेव्हा श्रेय रक्ताला किती द्यायचं आणि रानाला किती, हे घोषणा देऊन ठरत नाही.

हा प्रश्न मुंबईने फार आधी विचारला होता. परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, जिला १९२५ पासून हाफकिनचं नाव मिळालं, ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१७ मध्ये इथल्या गुरांच्या क्षयावर आपला अभ्यास छापला. पुढे सोपारकरांनी भारतीय दुभती गुरं या रोगाला कितपत बळी पडतात, हेही प्रयोग करून पाहिलं. शंभर वर्षं झाली. तोच धागा धरून परळची पुढची पिढी कुठवर गेली असती, असा विचार मनात येतो आणि चरफड होते.

आज भारतातल्या गाई-म्हशींत क्षयाचं प्रमाण सुमारे ७ टक्के असावं, असा अंदाज जुने अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये मांडला गेला. म्हणजे दोन कोटींहून जास्त जनावरं. त्यांना काढून टाकणं इथल्या कायद्यात बसत नाही आणि मनातही बसत नाही. म्हणून तपासणीच नको, असा सोपा मार्ग आम्ही काढलाय. निकाल कळून करायचं काय? आम्ही दूध उकळून पितो म्हणून पुष्कळसं निभावतं. गोठ्यातच पथारी टाकणाऱ्या गड्याचं काय, तो दूध नाही, हवा पितो.

मारायचं नसेल तर तुझी गरज आम्हाला इंग्लंडपेक्षा जास्त, एवढाच माझा मुद्दा. त्यांच्याकडे निदान गाडी तरी येते. आमच्याकडे रोगाला अडवणारं कुणी असेल तर ते गाईचं स्वतःचं अंगच. पण तुला शोधायला ज्या तीन चोपड्या लागतात, त्यातली वंशावळीची तेवढी आत्ता कुठे उघडली आहे: कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. काही गाईंच्या त्या आकड्यांपुढे बापाचं नावही लागतं. क्षयाचा रकाना कोरा.

याहून विचित्र गोष्ट सांगतो. आमच्या रेतन केंद्रांवरच्या वळूंची क्षयाची तपासणी होते, नियमच आहे. बाधित निघाला तर त्याच्या कांड्या बाहेर पडत नाहीत. म्हणजे बाप स्वच्छ, हे आम्ही कागदावर लिहून देतो. पण तुझ्या देशातल्या निर्देशांकाने दाखवलं ते असं, की वळू स्वतः स्वच्छ असणं वेगळं आणि त्याच्या मुली टिकणं वेगळं. वळू तर केंद्रात एकटा, जपून ठेवलेला असतो. मुली असतात संगमनेरला, फलटणला, वीस-वीसच्या गोठ्यात खेटून. त्यांच्या मानेची घडी कुणी मोजत नाही. निम्म्या तालुक्यात जरी ती वर्षातून एकदा मोजली आणि बारा आकड्यांपुढे 'हो' किंवा 'नाही' एवढं लिहिलं, एकही गाय न मारता, तरी दहा वर्षांत कुठल्या वळूच्या लेकी तुझ्यासारख्या निघतात ते दिसू लागेल. त्यात एचएफच्या संकराची निघेल की खिलारची, यावर पैज लावायला मी तयार नाही.

कळावे. कडबा-कुट्टी सांभाळून खा, आणि हिवाळ्यात जमेल तेवढं उघड्यावर राहा.

तुझ्या दुधाचा चहा पिणारा,
एक