दफ्तर आणि दप्तर

मी सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मराठीचा तास सुरू झाला, की काही चेहरे एकदम गंभीर होतात. जणू मी शिकवायला नाही, तर लस टोचायला आलो आहे! अशा वेळी मी फळ्यावर काही शब्द लिहितो : शहर, बाजार, दुकान, हवा, जमीन, वकील, कायदा, फायदा. मुले लगेच म्हणतात, "सर, हे तर आमचे उर्दू शब्द!" मी म्हणतो, "हे शब्द माझी आईही रोज बोलते, आणि तिला उर्दूचे अलिफसुद्धा माहीत नाही." फारसी-अरबीतून शेकडो वर्षांपूर्वी हे शब्द आपल्या दोन्ही भाषांत आले आणि इथलेच होऊन राहिले. तेव्हा मराठीच्या घरात तुम्ही रिकाम्या हाताने येत नाही.

मात्र काही शब्द मोठे खट्याळ असतात. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठी मुलगा तर दप्तर पाठीला लावून शाळेत येतो. एवढी मोठी कचेरी पाठीवर! उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मराठीत 'काल' फक्त गेलेला, येणाऱ्यासाठी 'उद्या'. त्यामुळे "सर, वही काल आणीन," असे कोणी म्हणाले, की मी त्या वहीची वाट पाहणे सोडून देतो. लिंगाचे तर विचारूच नका. उर्दूतली चाय स्त्रीलिंगी, मराठीतला चहा पुल्लिंगी. साखर मात्र दोघांनाही सारखीच लागते.

एका ईदला माझा एक विद्यार्थी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या घरी आला. माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाळ, डबा खाली ठेव." उर्दूत खाली म्हणजे रिकामा. बिचारा डबा रिकामा करण्यासाठी इकडेतिकडे पातेले शोधू लागला. पातेले सापडेना. तेवढ्यात माझा धाकटा मुलगा चमचा घेऊन हजर! "मी करतो खाली," तो म्हणाला. माझी आई हसून हसून बेजार झाली. निघताना पत्नीने त्याच डब्यात शेंगांची चटणी भरून दिली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही रीत तुमच्या घरी आहे, तशी आमच्याही घरी आहे. तिला कोणत्याच भाषेचे व्याकरण लागत नाही.

आता एका मुलीची गोष्ट ऐका. ती वर्गात हुशार. पण मराठीत बोलायची वेळ आली, की गप्प. चुकले तर सगळे हसतील, ही भीती. एकदा तिच्या दादीची तब्येत बिघडली. वडील यंत्रमागावर कामाला गेलेले. म्हणून हीच दादीला दवाखान्यात घेऊन गेली. "काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले. ती धीर करून म्हणाली, "माझी दादी पोटात दुखते." वाक्य चुकले, पण डॉक्टरांना कळायचे ते कळले. घरी आल्यावर दादी उपाशीपोटीच गोळी घ्यायला निघाली. पुडीवर 'जेवणानंतर' असे लिहिले होते. ते वाचून हिने दादीचा हात धरला आणि आधी तिला दोन घास भरवले. दुसऱ्या दिवशी तिने ही सारी हकीकत वर्गात मराठीतून सांगितली. "दादी पोटात दुखते" हे वाक्य पुन्हा तसेच आले. मुले हसली. तीही हसली, पण बोलायची थांबली नाही.

म्हणून सांगतो, चुकीला घाबरून गप्प बसू नका. चुकलेले वाक्य दुरुस्त करता येते. न बोललेल्या वाक्याचे तुमचे सर तरी काय करणार? तेव्हा उद्याच्या तासाला प्रत्येकाने निदान एक वाक्य मराठीत बोलायचे. आणि हो, उद्या म्हणजे उद्याच, काल नव्हे!