डहीच्या माईचं देणं

आम्ही धारचे. पवारांच्या चाकरीत पणजोबा माळव्यात आले आणि इथलेच झाले. पण जिल्ह्याचं नैऋत्य टोक, कुक्षीच्या पलीकडचा भिल-भिलालांचा मुलूख, आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. लसीकरणाच्या कामावर परिचारिका म्हणून मला डही मिळालं आणि तिथं एक म्हातारी भिलाला दाई भेटली. सगळे तिला माई म्हणत. मीही म्हणू लागले. पुढे आयुष्यभर मी जे शिकवलं, त्याची मालकीण ती आहे.

तान्ह्या मुलाला दुखणं फारसं कळत नाही, असं तेव्हा आम्हाला शिकवलेलं होतं. माई ते मानत नसे. त्रिगुणी लस भरून मी मांडी पुसायला घेतली की ती माझं मनगट धरायची. आधी बाळ आईच्या छातीशी. मग त्याच्या हनुवटीखाली अंगठा टेकवून ती घोट मोजल्यासारखी बसायची. दूध उतरू लागलं, घट्ट मिटलेली मूठ सैल झाली, की मला म्हणायची, ‘आता टोच, बाई.’ बाळ दचकायचं, एकदा ओरडायचं आणि पुन्हा प्यायला लागायचं.

तिचा खरा राग अफूवर होता. मजुरीला जाताना बाळ झोपून राहावं म्हणून कुणी अफूचं बोट चाटवलं असं कळलं, तर ती त्या घरी जाऊन भांडायची. माळव्याची अफू एकेकाळी मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या गिरणीकामगार बायकाही तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. ‘पोर झोपत नाही, श्वास विसरतं,’ असं माई म्हणायची. इतकं अचूक निदान मी नंतर पुस्तकातही क्वचित वाचलं.

कारण श्वासाची लय मस्तिष्कस्तंभात ठरते, मेंदू जिथे पाठीच्या कण्याकडे उतरतो तिथे, आणि अफू तीच लय मंदावते. त्याच भागात शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्यंही वापरतं. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन शोधलं: पाच अमिनो आम्लांची साखळी, अफूतलं मॉर्फिन ज्या कुलपाला लागतं त्याच कुलपाची किल्ली. उंदरांच्या पिलांमध्ये मस्तिष्कस्तंभातलं हे द्रव्य जन्मानंतरच्या आठवड्यांत वाढत जातं. मोठ्या उंदरात हा भाग कण्यातून वर येणारी वेदना अडवू शकतो. पिलात मात्र साधारण तीन आठवड्यांपर्यंत तो तिला उलट जोरच देतो. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड यांच्या गटानं पुढे दाखवलं, की हा पालट घडायलाही पिलाची स्वतःचीच अफूसदृश द्रव्यं लागतात. त्या सुमारास ती औषधानं रोखली, तर पालट अडतो.

उंदराचे आठवडे माणसाच्या बाळाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण वेदनेला वरून आवर घालणारी यंत्रणा माणसाच्या बाळातही जन्मतः कच्चीच असते. म्हणजे त्याला मोठ्यांपेक्षा कमी दुखतं, हे आमचं शिकणं उलटं होतं. तरी थोडी शिदोरी त्याच्यापाशी असते. पिलाच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर वेदना कमी होते आणि अफूवरचा उतारा आधी दिला तर होत नाही. गोडीनं जागं होतं ते शरीरातलंच द्रव्य. छातीशी घेतलेल्या बाळाला गोडी, चोखणं आणि आईची ऊब, तिन्ही एकदम मिळतात.

हे वाचताना मला एक सुखद धक्का बसला. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये, शस्त्रक्रियेत फेंटानिल हे अफूसदृश वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ताण आणि गुंतागुंत कमी झाली हे ज्यांनी दाखवलं, ते डॉ. कंवलजीत सिंह आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आमच्या शेजारच्याच शहरात! जगभर तान्ह्यांच्या शस्त्रक्रियेची रीत बदलण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. त्यांचंही ऋण माझ्यावर आहे, पण ते छापील आहे. कुणीही वाचून घ्यावं.

माईचं कुठेच छापलेलं नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लस देताना बाळाला आईजवळ धरावं, शक्य तर पाजावं, अशी शिफारस केली, तेव्हा माई हयात नव्हती. वर्गात मी ती शिफारस वाचून दाखवते आणि मग मुलींना हनुवटीखाली अंगठा कुठे टेकवायचा ते करून दाखवते. ती खूण त्या कागदात नाही. ती डहीची आहे, हे मी त्यांना वहीत लिहून घ्यायला लावते.