तंबूतली भाषा

हिवाळ्यात नागपूरच्या नंदनवनात सकाळी ऊन जरा उशिराच अंगावर येतं. जगनाडे चौकाकडची वर्दळ वाढायच्या आत एका शाळेच्या मैदानावर गाइडच्या मुली जमतात. एक लहानगी दोन दोऱ्यांची रीफ नॉट बांधत असते. उजवी डावीवर घेते, मग पुन्हा उजवीच वर घेते आणि ओढल्याबरोबर गाठ निसटते. संघनायिका तिच्याशेजारी उकिडवी बसते. "काहून ओढून राहिली बाप्पा? आता डावी वर घे नं!" सावधान-विश्रामच्या आज्ञा साऱ्या देशाच्या, पण बोटांना वळण लावते ती आमची नागपुरी बोली.

या शहराचं स्काउटिंगशी नातं जुनं आहे. इंग्रजांनी आणलेल्या या चळवळीत सुरुवातीला भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता. तो ज्यांनी मिळवून दिला, त्यांत नागपूरचे व्हिव्हियन बोस होते. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, सर्वोच्च न्यायालयातही गेले. एवढा मोठा कायदेपंडित पोरांच्या शिबिरांत रमत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. नागपूरकरांनी त्यांना आणखी आठवायला हवं.

मैदानावर भाषा अशी कामात गुंतलेली ऐकली की मला हंगेरीचे बालवीर आठवतात. 1933 साली बुडापेस्टजवळच्या गोडोलोला जागतिक जांबोरी (बालवीरांचा मेळावा) भरली. जगभरातून पंचवीस हजारांवर मुलं आली, चळवळीचे संस्थापक खुद्द बेडन-पॉवेल आले. पांढरं हरीण हे तिचं बोधचिन्ह होतं. पंधरा वर्षांत सगळं पालटलं. 1948 मध्ये कम्युनिस्ट राजवटीत तिथलं स्काउटिंग संपलं. पण दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लागलेल्यांनी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या निर्वासित छावण्यांतच पथकं उभी केली होती. तिथून ती अमेरिकेत, कॅनडात, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेली. न्यूयॉर्क राज्यात फिलमोरजवळ त्यांचं रान आहे. त्याला शीक शांडोर या धर्मगुरू कवीचं नाव आहे. हंगेरीतल्या स्काउटिंगच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. तिथे तंबू ठोकायचा तो हंगेरियन बोलत. नायक व्हायचं तर गाठींच्या जोडीला मायदेशाचा इतिहास, भूगोल, साहित्यही यायला हवं. ज्या देशात आपला गणवेश घालता येत नव्हता, त्या देशाची भाषा ही मुलं परक्या जंगलात चाळीस वर्षं बोलत राहिली. 1980 च्या दशकाअखेर हंगेरीत चळवळ पुन्हा उभी राहिली, तेव्हा बाहेर ती कधी थांबलीच नव्हती.

आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत आता आजी-आजोबाच उरलेत. नातवंडं उन्हाळ्यात अमेरिकेतून येतात. त्यांना मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत येतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा तिकडे सुट्टीच्या दिवशी मराठी शिकवतात, त्या शिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी वाटतं, बाकावर बसून शिकलेली भाषा बाकावरच राहून जाते. वर्षातून एक आठवडा या पोरांना रानात न्यावं. चूल पेटत नाही म्हणून मराठीत वैतागू द्यावं, पिठल्यात गुठळ्या कुणामुळे झाल्या यावर मराठीत भांडू द्यावं, रात्री तंबूत शेजारच्याला "झोपलास का रे?" असं हळूच विचारू द्यावं. कुणी मनावर घेतलं, तर पहिल्या शिबिराच्या स्वयंपाकाला मी नंदनवनातून यायला तयार आहे.