शब्दांवाचूनचं मुखपृष्ठ

आज ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाची जुनी मुखपृष्ठं पाहत बसलो. स्टॉलवरच्या गर्दीत अंक उठून दिसावा म्हणून किती विचार केलेला असतो! नाव सगळ्यात वर, कारण खालचा भाग दुसऱ्या अंकाआड झाकला जातो. गायकाची नजर थेट आपल्यावर रोखलेली. डोकं नावाच्या अक्षरांवर किंचित चढलेलं, त्यामुळे माणूस कागदातून पुढे आल्यासारखा वाटतो. बाजूला मोजके, ठळक मथळे.

पण २२ जानेवारी १९८१ च्या अंकापाशी मी थांबलो. त्यावर मथळाच नाही. विवस्त्र गायक जॉन लेनन पत्नी योको ओनोला बिलगलेला. अ‍ॅनी लीबोविट्झनं हे छायाचित्र ८ डिसेंबर १९८० ला टिपलं. त्याच रात्री लेननची हत्या झाली. योको सोबत हवीच, हा लेननचा आग्रह होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संस्थेनं मागच्या ४० वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

लक्ष वेधण्याच्या युक्त्या शिकता येतात. कुठे गप्प राहायचं हे कळायला मात्र त्या माणसावर आणि त्याच्या गाण्यावर मनापासून प्रेम असावं लागतं.