दोन वाटांची गल्ली

सेलीन साँग यांचा ‘पास्ट लाइव्ह्ज’ (२०२३) हा चित्रपट ‘इनयन’ या कोरियन संकल्पनेभोवती विणलेला आहे. दोन अनोळखी माणसांची वस्त्रे ओझरती स्पर्शली, तरी तो गतजन्मींच्या संबंधाचा अंश असतो आणि विवाहामागे आठ हजार जन्मांचे थर साचलेले असतात, अशी ही धारणा. मराठीतील ‘ऋणानुबंध’ तिच्या जवळचा खरा, परंतु त्या शब्दातच काही फेडायचे राहिल्याची जाणीव आहे.

बाराव्या वर्षी सोल सोडणारी नोरा आणि तेथेच राहिलेला हे संग बारा वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर भेटतात, आणि आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये समोरासमोर येतात, तेव्हा ती विवाहित असते, पतीवर तिचे मनापासून प्रेम असते, आणि म्हणूनच येथील विरह अधिक खोल होतो.

तथापि मनात रुतून राहते ती बालपणीची गल्ली: शाळेतून परतताना मुलगी पायऱ्या चढून जाते, मुलगा सपाट वाटेने पुढे निघतो. अखेरीस मोटारीची वाट पाहत दोघे निःशब्द उभे असताना तीच गल्ली क्षणभर दिसते. मुले तेथेच उभी असतात, केवळ आता रात्र झालेली असते.